सतरा झाडांचे मालक

आमच्या स्वतःच्या गावात जायला आता तिकीट लागतं. ते तिकीट फाडायला तीन वर्षं जो माणूस गेटवर बसला होता, तो मीच. दयानंद ग्यानोबा, कंत्राटी चौकीदार. खाकी शर्ट दोन, शिट्टी एक. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं हसायला जागा कमी आहे.

गाव म्हणजे जुनं गाव. किल्लारीपासून थोडं पुढं, तेरणेच्या काठाला होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते पडलं आणि सरकारनं आम्हाला कोसभर लांब नवं बांधून दिलं. तिथं रस्ते सरळ आहेत, घरं एका मापाची आहेत, आणि पाहुणा आला की हमखास दुसऱ्याच्या दारात जाऊन चपला काढतो. जुन्या गावाची पांढरी, म्हणजे वस्तीची जागा, तशीच पडून राहिली. माळवदं कोसळून जे ढिगारे झाले होते त्यांवर गवत आलं, बोरी-बाभळी आल्या, मग तितर आले, ससे आले, मोर आले. एका वर्षी कुणा मोठ्या साहेबाला जीपमधून मोर दिसला आणि वनखात्याला साक्षात्कार झाला की ही जैवविविधता आहे. तारेचं कुंपण पडलं, लोखंडी गेट बसलं, गेटवर फळा लागला. फळ्यावर मोराचं चित्र काढलं. गावाचं नाव लिहायचं राहून गेलं, ते मी साहेबांना दोनदा सांगून पाहिलं.

बोरी-बाभळी आपोआप आल्या हे खरं. पण तिथले मोठे लिंब, चिंचा, सीताफळं आपोआप आलेली नाहीत. ती आम्ही लावलीत. भूकंपानंतर पाऊस कोसळत होता आणि माणसं एकत्रच जाळावी लागली. घरांचे दरवाजे, चौकटी, तुळया, जे हाताला लागेल ते सरणाला घातलं. राख कुणाची कोणती, ते कुणालाच सांगता आलं नाही. मग तेराव्याच्या सुमाराला एकानं आपल्या पडक्या घराच्या जागी, गेलेल्या बापाच्या नावानं लिंबाचं रोप लावलं. त्याचं बघून दुसऱ्यानं लावलं. जितकी माणसं गेली तितकी झाडं लावायची असं ठरलं नव्हतं, पण होत गेलं. कितीतरी रोपं जळाली, काही जगली. जे जगलं ते झाड त्या माणसाचं. आमचं नाही, त्याचं. आजही दातवणाला काडी मोडायची झाली तर आम्ही आधी नाव घेऊन विचारतो, आणि पहिलं फळ खाली बुडाशी ठेवून मग आपण खातो. कुणी शिकवलं म्हणून नाही. दुसऱ्याच्या झाडाला न विचारता हात लावू नये, इतकी साधी गोष्ट आहे ती.

माझी बहीण महानंदा तीन वर्षांची होती. त्या रात्री मी वडलांबरोबर आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या छपरात, झोपलो होतो म्हणून राहिलो. मायला दुपारी ढिगाऱ्यातून काढलं, ती जिवंत निघाली. महानंदा तिच्या कुशीतच होती. त्याच्या पुढचं मला सांगवत नाही. तिचं सीताफळ आहे, कारण तिला सीताफळाच्या बिया तोंडात धरून हिंडायची खोड होती.

आमच्या समोर गुरुबसप्पांचं घर. सहा माणसं होती, सहाही गेली. त्यांचा वीरण्णा माझ्या वर्गात, हजेरीत त्याचं नाव माझ्या आधी यायचं. तो ‘हजर, गुर्जी!’ असं केकाटायचा की शेजारचा वर्ग हसायचा. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात शाळा भरली, तेव्हा गुर्जींनी सवयीनं जुनीच हजेरी काढली. वाचत वाचत ते त्याच्या नावापर्यंत आले. “वीरण्णा गुरुबसप्पा.” सगळा वर्ग गप्प. मी अकरा वर्षांचा होतो. माझ्या मनात आलं, याच्यासाठी आपण ओरडावं. गळ्यापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. गुर्जींनी हजेरी मिटली आणि त्या दिवशी काही शिकवलं नाही. त्या घरची सहा रोपं लावायला कुणी उरलं नव्हतं, ती मी आणि वडलांनी लावली.

आता माझी माय, केवळाबाई. दर सोमवारी आणि गुरुवारी कोसभर चालत यायची, गेटजवळच्या हापशावर कळशी भरायची आणि आत निघायची. पहिल्या दिवशी मी म्हणालो, “माय, तिकीट लागतंय. मी काढून देतो की.”

“लेकीच्या घरी जायला तिकीट लागतंय व्हय रं?” ती म्हणाली. “कोन्त्या आईला लागलंय आजवर? तूच सांग.”

ती कळशी घेऊन कुंपणाच्या फटीतून वाकून आत गेली. तेव्हापासून तिची वेळ झाली की मी गेटवरच्या फळ्यावरचा मोर बघत उभा राहायचो. त्या मोराला किती पिसं काढलीत ते मला पाठ झालं होतं.

रविवारी मात्र गेटला गर्दी. लातूरच्या वसतिगृहांच्या बसगाड्या यायच्या. आमच्याकडच्या उसाच्या कारखान्याला गाळपाचा हंगाम तरी असतो. लातूरला डॉक्टर बनवायचे जे क्लास निघालेत त्यांचं गाळप बारमाही. महिन्यातून एकदा पोरांना ताण घालवायला इथं आणून सोडायचे. बिचारी मोराकडं बघतानाही ओठांनी काहीतरी पाठ करत असायची. माझी वैष्णवी तिथंच शिकत होती, म्हणून मला त्या पोरांचा राग यायचा नाही. पण गर्दी बघून खात्याच्या डोक्यात आलं की इथं वाहनतळ पाहिजे, आणि झाडं उंचावरून बघायला मनोरा पाहिजे. त्यासाठी जागा निवडली ती जुन्या गावाच्या मधल्या गल्लीची. झाडं बघायचा मनोरा बांधायला झाडं तोडायची.

मोजणीला एक तरुण मुलगा आला, नाशिककडचा, बोलायला गोड. त्यानं टेप लावून बुंधे मोजले, लाल रंगानं आकडे टाकले. मधल्या गल्लीत सतरा झाडं निघाली. मी बरोबर हिंडत होतो. त्याच्या तक्त्यात एक रकाना होता, मालकाचा. गल्लीबाहेरच्या झाडांपुढं तो स्वतःच ‘शासन’ लिहीत आला होता. मधल्या गल्लीत मात्र त्यानं मला विचारलं, “याचा मालक कोण?” आणि मी सांगितलं. महानंदा ग्यानोबा. वीरण्णा गुरुबसप्पा. त्याचा बाप, आजी, आई, भावंडं. सतराही नावं सांगितली, त्यानं सतराही लिहून घेतली. मी खोटं बोललो नाही, थट्टाही केली नाही. सरकारी कागदावर मालक जिवंत लागतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या गावचा माणूस सोडून ही चूक दुसरा कुणी करणार नाही.

महिन्यानं पोस्टमन गुंडप्पा सायकल घेऊन गेटवर आला आणि हापशाच्या कट्ट्यावर मटकन बसला. गुंडप्पा आमच्याच गावचा, माझ्या वडलांच्या वयाचा.

“दया, कुनाची टपालं आनलोय बघ,” तो म्हणाला. “एकेक नाव वाचलो आन छाती धडधडायलीय. सतरा नोटिसा हायत. साऱ्या मयताला.”

नोटीस अशी की सदर वृक्ष तोडण्याचे योजिले आहे, हरकत असल्यास सुनावणीस यावे. गुंडप्पाला काय करावं कळेना. ‘मयत’ असा शेरा मारून परत पाठवणं त्याला भाग होतं. तेवढ्यात माय कळशी घेऊन आली. गुरुवार होता. गुंडप्पानं पाकिटं झाकायचा प्रयत्न केला, पण तो मला नावं वाचून दाखवत होता तेव्हाच तिनं महानंदाचं नाव ऐकलं होतं.

“महानंदाची कोन्ती? आन हिकडं.”

“वैनी, ती परत धाडावी लागतीया. ती आता...”

“गुंडप्पा,” माय म्हणाली, “मयताची यादी केली तवा साहेबांनी माझ्या लेकीचं नावसुदिक लिव्हलं न्हाई. ‘एक मुलगी’ लिव्हलं. पत्रे आले, चादरी आल्या, घर आलं. पन तिच्या नावानं कागुद आज येऊन राहिला, एकोणतीस वर्सांनी. त्यो तू परत धाडतो व्हय?”

गुंडप्पानं पाकीट दिलं. तिनं अंगठा उठवला आणि पाकीट पदरात बांधलं. मग गुंडप्पानं घरोघर जाऊन आणखी दहा पाकिटं दिली. गुरुबसप्पांची सहा मात्र घ्यायला कुणी नव्हतं. “ही जातेत परत,” तो माझ्याकडं बघत म्हणाला. मी तिकिटांचं पुस्तक सारखं करत बसलो.

दोन दिवसांनी खात्याचे माधवराव साहेब लातूरहून आले. तेच सुनावणी घेणार होते. आधी माझ्यावर भडकले. “मालक म्हणून मेलेल्यांची नावं दिलीस? अक्कल आहे का तुला?” मग तक्ता पुन्हा बघितला आणि हसले. “पण बरंच झालं की! मालक मयत. हरकत घ्यायला कोण येणार? नावं पुकारायची, गैरहजर लिहायचं, पाच मिनिटांचं काम. तू फक्त गेट सांभाळ, दयानंद. पुढच्या महिन्यात तुझं कंत्राट संपतंय ना?”

“हाव, साहेब,” मी म्हणालो. त्या ‘हाव’ची मला अजून लाज वाटते. पण लेक लातूरला होती, आणि दोन एकरांत लेक लातूरला राहत नाही.

संध्याकाळी मायनं विचारलं, “साहेबाला तू काय म्हनलास?”

“काय म्हणणार, माय? नोकरी हाय.”

“मंग कुऱ्हाड तूच घातलीस समज,” ती म्हणाली आणि ताट तसंच ठेवून उठली.

रविवारी दुपारी वैष्णवीला वसतिगृहात फोन मिळायचा. मी तिला मायच्या नोटिशीचा फोटो पाठवला होता. तिचा फोन आला तो थेट मुद्द्यावरच.

“पप्पा, तुम्ही ही पुरती वाचलीत का?”

“वाचली की. झाडं तोडणार.”

“खालचं बारीक अक्षर वाचलंत? ऐका. ‘मालकाने, अथवा मालकाच्या वतीने कोणीही इसमाने, नाव पुकारताच जागेवर हजर राहावे. कोणीही हजर नसल्यास हरकत नाही असे गृहीत धरले जाईल.’ आमचे सर रोज बोंबलतात, शेवटच्या शब्दापर्यंत वाचल्याशिवाय उत्तराला हात लावू नका. यात वारस हा शब्द कुठंच नाही, पप्पा. कोणीही, असं लिहिलंय.”

“आन हजर राहिलं तर?”

“तर गृहीत धरता येत नाही. एकेका झाडाची हरकत लिहून घ्यावी लागणार, आणि ती फाइल वर जाणार. तोवर कुऱ्हाड लावता येणार नाही.”

नोकरीचं मी काढलं नाही, पण तिला कळलं. सतरा वर्षांची पोर, पण आजीवर गेलीय.

“तुमचं काम जाईल ना?”

“जाईल.”

“जाऊ द्या. पण माझ्यासाठी गप्प बसलो असं कधी म्हणू नका. ते ओझं घेऊन मला पेपर लिहिता येणार नाही. आजीला फोन द्या.”

मी फोन मायकडं दिला. नातीनं बारीक अक्षरातली ती चौथी ओळ वाचली आणि आजीनं ती घोकली. तिला अक्षर येत नाही, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नाही. मग त्या ओळीला पाय फुटले. दोन दिवसांत साऱ्या गावाला ‘अथवा मालकाच्या वतीने कोणीही इसमाने’ पाठ झालं. मला मात्र कुणी काही म्हणालं नाही. खाकी शर्टवाल्याला कोण सांगतो?

शुक्रवारी अकराची सुनावणी. साहेब कारकुनाला घेऊन दहालाच आले. टेबल टाकायला सावली पाहिजे म्हणून त्यांनी जागा निवडली ती गुरुबसप्पांच्या लिंबाखालची. तोडायचं झाड, पण सावली चालते. तेवढ्यात रस्त्यावर धुरळा दिसला. जीपा होत्या, दोन ट्रॅक्टर होते, आणि बाकीचं गाव पायी होतं. म्हातारी, बाया, कडेवरची पोरं.

साहेब गेटपाशी धावत आले. “हा काय तमाशा? तिकिटाशिवाय एकालाही आत सोडायचं नाही. नियम आहे. समजलं?”

ते जाऊन टेबलाशी बसले. गाव गेटपाशी येऊन थांबलं. पुढं माय, हातात नोटीस. आज कळशी नव्हती आणि फटीकडं तिनं बघितलंही नाही. ती गेटच्या मधोमध उभी राहिली आणि माझ्याकडं बघत राहिली. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. ती फक्त वाट बघत होती, आणि तेच मला सोसेना.

आमच्या गेटची एकच झडप उघडायची, दुसरी बसवल्यापासून गंजलेली. मी पहिली उघडली आणि दुसरीला लाथ घातली. तीन लाथा लागल्या. तिकिटांचं पुस्तक मी हापशाच्या कट्ट्यावर ठेवलं आणि लोकांबरोबर आत चाललो. आता राखायला गेट उरलंच कुठं होतं?

माणसं आपापल्या घरांत गेली. घरं म्हणजे ढिगारे, पण आमच्या गावच्या माणसाला त्या गवतातही आपला उंबरा बरोबर सापडतो. ज्याच्या त्याच्या झाडाला ज्यानं त्यानं हात लावला आणि उभा राहिला. गुरुबसप्पांच्या लिंबाखाली साहेबांचं टेबल, आणि त्या घरच्या बाकी पाच झाडांपाशी कुणीच नव्हतं. मी तिथं जाऊन थांबलो. का, ते मलाही ठाऊक नव्हतं.

कारकुनानं वही उघडली. साहेब पुकारू लागले.

“महानंदा ग्यानोबा.”

“हजर हाय,” माय म्हणाली. “तीन वर्साची हाय. लोकांत बुजती, म्हनून तिच्या वतीनं म्या आले.”

“बाई, वारसाचा दाखला आहे का?”

“चवथी वळ वाचा, साहेब. ‘अथवा मालकाच्या वतीने कोणीही इसमाने.’ म्या इसम न्हाई व्हय?”

मागं कुणीतरी हसलं. साहेबांनी चौथी ओळ वाचली. पुन्हा वाचली. कारकुनाच्या कानात काही विचारलं, कारकुनानं मान हलवली. “हरकत काय आहे तुमची?” साहेब चडफडत म्हणाले.

“हरकत ही की ती हितं निजलीया,” माय म्हणाली. “तिला उठवायचं असंल तर आधी मला उठवा.”

कारकुनानं लिहिलं. पुढचं नाव. “हजर.” त्याच्या पुढचं. “हजर हाय, साहेब.” भूकंपानंतर ही नावं अशी मोठ्यानं, एकामागून एक, कुणी उच्चारलीच नव्हती. घरोघर आपापलं दुःख होतं, पण सगळ्यांची नावं एकत्र आज पहिल्यांदा ऐकत होतो. बाया रडत होत्या आणि ताठ उभ्या होत्या. अकरा नावं झाली. अकराही हजर.

साहेबांनी घाम पुसला. आता त्यांच्या तोंडावर जरा तरतरी आली. “पुढची सहा टपालं परत आलेली आहेत. घेणारं कुणी नाही. तरी नियमाप्रमाणं पुकारतो.” मी मोजणीच्या पोराला ज्या क्रमानं सांगितलं होतं त्याच क्रमानं नावं होती, आणि त्या घरचं माझ्या तोंडी सगळ्यात आधी आलेलं नाव एकच होतं.

“वीरण्णा गुरुबसप्पा.”

कुणी बोललं नाही. प्रत्येकाचा हात स्वतःच्या झाडावर होता आणि सगळे एकमेकांकडं बघत होते. ही शांतता माझ्या ओळखीची होती. पत्र्याच्या शेडातली होती ती, तशीच्या तशी. गळ्यापर्यंत तेच आलं होतं, आणि कारकुनानं ‘गैर’ लिहायला पेन टेकवला होता.

“हजर, गुर्जी!”

मी इतक्या जोरात ओरडलो की गवतातले तितर उडाले. साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

“काय म्हणालास?”

“हजर हाय, साहेब. वीरण्णाच्या वतीनं.”

“दयानंद, तू खात्याचा माणूस आहेस. शुद्धीवर आहेस का?”

“खात्याचा महिनाभर हाय,” मी म्हणालो. “ह्येचा पयलीपासनं हाय. लिव्हा, हरकत हाय म्हनून. आन बाकीची पाच पुकारा. त्यांच्या वतीनंबी मीच हाय.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग गावाकडं. माय आपल्या सीताफळाला टेकून उभी होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, मला दिसत नव्हतं. गुर्जींनी तेव्हा हजेरी मिटली होती. साहेबांनाही मिटायची होती, हात वहीवर गेलाही होता. पण साऱ्या गावाचे डोळे त्या हातावर होते. त्यांनी हात काढून घेतला आणि पुढचं नाव पुकारलं.